करार वाचण्याची उसंत



मोबाइलच्या पडद्यावर एक लहानशी चौकट येते. तिच्यापुढे लिहिलेले असते की, मी सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत. आपण एकही ओळ न वाचता तिच्यावर बोट टेकवतो. न वाचता 'वाचल्या' म्हणणे याला आपल्या दीनमध्ये काय म्हणतात, याचा क्षणभर विचार करावा.

पवित्र कुरआनने सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत ईमानवंतांना करार पाळण्याचा आदेश दिला आहे. सूरह अन-निसाच्या 29व्या आयतीने परस्परांच्या राजीखुशीने होणारा व्यापार वैध ठरविला आहे. जी अट ठाऊकच नाही, तिच्याविषयी राजीखुशी कोठून येणार? कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, म्हणजे अल-बकराची 282वी, उधारीच्या लेखासंबंधी आहे. तीत मजकूर सांगण्याचे काम देणेकऱ्याकडे सोपविले आहे. तो असमर्थ असेल तर त्याच्या पालकाने तो न्यायाने सांगावा. ज्याच्यावर बोजा पडणार, त्याला तो नीट उमगलेला असावा, ही त्यामागील हिकमत. आज मजकूर कंपनी लिहिते आणि बोजा घेणारा केवळ बोट टेकवतो. म्हणून वाचण्याची उसंत हा त्याचा हक्क अधिकच मोलाचा ठरतो.

आपल्या फुकहांनी या उसंतीला 'खियार' म्हटले आहे. सौदा झाल्यावरही बैठक मोडेपर्यंत तो रद्द करण्याचा अधिकार शाफई मानतात. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम याच मसलकाचे. हनफी तो मानत नाहीत. परंतु न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर नाकारण्याचा अधिकार ते देतात. ठरवून घेतलेली तीन दिवसांची मुदत दोघांनाही मान्य आहे. मार्ग निराळे, हेतू एकच: घाईत कोणी नाडला जाऊ नये.

देशाचा कायदाही येथे आपल्या बाजूने आहे. 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार आधीच खूण केलेली चौकट ही ग्राहकाची संमती ठरत नाही. 2023च्या मार्गदर्शक तत्त्वांनी खोटी घाई दाखवून खरेदी करविण्यासही मनाई केली आहे.

आपल्यातही ऑनलाइन विक्री करणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ती हदीस आठवावी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. परतीची जाचक अट शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत दडविणे म्हणजे ओले धान्य खाली ठेवणेच होय.

आणि खरेदी करणाऱ्यांनो, निदान एवढे वाचा: एकूण किंमत, परतीची मुदत, आपोआप होणारे नूतनीकरण आणि हप्ता चुकल्यास लागणारी रक्कम. या शेवटच्या ओळीतच अनेकदा व्याज लपलेले असते. हरामपासून दूर राहू इच्छिणाऱ्याने ती ओळ ओलांडून कसे जावे? कराराची प्रत जपून ठेवा. घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनवर त्यांच्या वतीने बोट टेकवण्याआधी अटी त्यांना समजावून सांगा. आयतीतील पालकाची जबाबदारी तेव्हा तुमच्यावर असते.

अल्लाह आपल्या कमाईत आणि खर्चात सचोटी देवो. आमीन.