पिठाचा कोंबडा

दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीच्या दिवशी माझ्या भाच्याचा फोन येतो. तो टेक्सासमध्ये, ह्यूस्टनजवळ राहतो. "मावशी, वर्षभरात मन-वचन-कायेनं काही दुखावलं असेन तर उत्तम क्षमा." मीही त्याला क्षमा मागते. मग इंदुरात पाऊस किती झाला, सराफ्यात अजून तशीच गर्दी असते का, असं बोलणं होतं आणि फोन ठेवतो. या वर्षी त्यानं लगेच ठेवला नाही. म्हणाला, "एक विचारायचं होतं. रागावू नकोस."

त्याला रायफल घ्यायची होती.

शिकार नाही, हे त्यानं आधीच सांगून टाकलं. ऑफिसातली मंडळी रविवारी कुणाच्या तरी मोकळ्या रानात जमतात, रिकामे डबे ओळीनं मांडतात आणि नेम धरतात. गोळी डब्याला लागली की जो टणकन आवाज होतो, त्यावरून तिकडे या खेळाला प्लिंकिंग म्हणतात. ज्या रायफलीची तिथे चलती आहे, तिचे भाग सुटे करून बदलता येतात. दोन पिना काढल्या की वरचा भाग, नळीसकट, वेगळा होतो आणि त्या जागी दुसरा बसतो. मूळ रायफलीची गोळी मोठी, सैनिकी जातीची आणि महाग. पण तोच आकार, तीच पकड ठेवून छोट्या, पॉइंट टू टू गोळीची आवृत्तीही मिळते. या गोळीच्या काडतुसाला मधोमध टोपी नसते. पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि बंदुकीचा खिळा त्या कडेवरच आपटतो. म्हणून ती रिमफायर. गोळी अडीच-पावणेतीन ग्रॅमची, जोर मोठीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, धक्का जवळजवळ नाही आणि किंमत काही सेंट. पाचशेच्या खोक्याला तिकडे 'वीट' म्हणतात.

"कोणी मरत नाही, मावशी. डबे आणि कागद. आणि गोळीही लहानातली लहान. मग पॉइंट टू टू घेतली तर चालेल ना?"

जैन घरात वाढलेल्या बाईला हे 'चालेल ना' चांगलं ओळखीचं आहे. बटाटा नाही, पण कच्चं केळं चालेल ना? सूर्य बुडायला पाच मिनिटं आहेत, चालेल ना? आमची निम्मी स्वयंपाकघरं याच प्रश्नावर चालतात. पण 'हो' म्हणणारी मोकळी सुटत नाही. आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्यानं केलेल्याला मान डोलावलेलं, अशी तिन्ही कर्मं मोजतात. मुलाच्या हाती रायफल जाणार होती, आणि मान माझी डोलणार होती. मी म्हटलं, "उद्या सांगते."

रात्री मला यशोधराची गोष्ट आठवत राहिली. ती आपल्या अगदी शेजारची, उज्जयिनीची. सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलक' पुरं केलं, त्यात ती आहे. पुष्पदंतांनी ती अपभ्रंशात सांगितली, जन्न कवीनं कन्नडमध्ये. राजा यशोधराला दुःस्वप्न पडल्याचं कळतं तेव्हा त्याची आई, चंद्रमती, देवीला पशू बळी द्यायला सांगते. राजा म्हणतो, जीवहत्या माझ्याकडून होणार नाही. मग आई मधली वाट काढते: खरा कोंबडा नको, पिठाचा करू. राजा मान्य करतो. पिठाच्या कोंबड्यावर तलवार चालते. रक्ताचा थेंब सांडत नाही. आणि तरीही त्या एका घावापायी आई आणि मुलगा दोघं जन्मामागून जन्म पशुयोनीत फिरतात. तो मोर होतो, ती कुत्री होते. पुढे एका जन्मात दोघं कोंबडे होतात. तेव्हा गादीवर यशोधराचाच मुलगा असतो. आवाजाच्या रोखानं आपण कसा नेम साधतो हे राणीला दाखवावं म्हणून तो बाण सोडतो आणि ते दोन्ही कोंबडे पडतात. त्याला ठाऊक नसतं की आपण आपल्या बापाला आणि आजीला मारलं.

लहानपणी ही गोष्ट मला अन्यायाची वाटायची. पिठाला काय दुखतं? एवढ्याशा गोष्टीला एवढी शिक्षा? त्या रात्री कळलं की मी इतकी वर्षं पिठाकडे बघत होते. पिठाच्या पोळ्याही करता आल्या असत्या. लाडू वळून देवीपुढे ठेवता आले असते. राजाला कोंबडाच हवा होता, चोच, तुरा, मान सगळं असलेला, म्हणजे कापल्याचं समाधान मिळेल आणि कापल्याचा दोष लागणार नाही. पिठाचा कोंबडा ही खऱ्या कोंबड्याची स्वस्त आवृत्ती होती. आणि ती सुचवणारी आई होती. मारणं आणि न मारणं यांच्या मध्ये 'हे चालेल' म्हणून उभी राहणारी. आता त्या जागी मी उभी होते.

भाच्याला डबेच पाडायचे असतील तर साध्या लाकडी दस्त्याची, एकेक गोळी भरायची पॉइंट टू टूही मिळते, आणि नेम शिकायला ती जास्त चांगली. मग सैनिकाच्या रायफलीचं रूप कशासाठी? हे त्याला विचारायचं ठरवलं. पण विचारायच्या आधी मला माझंच एक जुनं प्रकरण उघडावं लागलं.

१९७८ साली मी कॉलेजात एन.सी.सी.त होते. वडील कारंजाहून येऊन इथल्या हुकुमचंद मिलमध्ये लागले होते. मुलीनं खाकी घालावी हे घरात फारसं कुणाला रुचलं नव्हतं, पण वडिलांनी सही केली. आम्हाला फायरिंगला नेलं. रायफल पॉइंट टू टूच होती, पण दिसायला आणि वजनाला पॉइंट थ्री नॉट थ्रीसारखी. तिची कल्पनाच ती होती: हाताला मोठीची सवय लागावी, खर्च लहानीचा व्हावा. म्हणजे माझा भाचा आज जे निवडतोय, ते माझ्या हातात सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच येऊन गेलं होतं.

जमिनीवर पालथं झोपून पंचवीस यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या. उस्ताद म्हणाले, श्वास अर्धा सोड, थांब, चाप हळू दाब. मी नेम धरला आणि त्या कागदाच्या मध्यावर मला एक चेहरा दिसला. नात्यातल्याच एका वडीलधाऱ्या माणसाचा. 'पोरीला पुरे झालं शिक्षण' असं त्यांनी माझ्या वडिलांना माझ्यासमोर सांगितलं होतं. मी पाचही गोळ्या त्या चेहऱ्यावर झाडल्या. माझा गट सगळ्या मुलींमध्ये उत्तम आला. शाबासकी मिळाली. घरी येऊन मी हात धुतले, देवदर्शन केलं आणि जेवले. कोणी मेलं नव्हतं. ही गोष्ट मी कुणालाही कधी सांगितली नाही.

शास्त्रात याला नाव आहे. अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यात अपध्यान एक: दुसऱ्याचं वाईट मनात घोळवणं. त्याच यादीत हिंसादान आहे, म्हणजे शस्त्र दुसऱ्याच्या हाती देणं, आणि प्रमादचर्या आहे, म्हणजे काही कारण नसताना माती उकरणं, पाणी सांडणं, झाडाची पानं ओरबाडणं. अनर्थ म्हणजे ज्याला अर्थ नाही, गरज नाही असं. गृहस्थाला शेती, धंदा, संरक्षण यांतली हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे आचार्यांनी ओळखलं होतं. पण ज्याची गरजच नव्हती ते का केलंस, एवढं मात्र ते विचारतात.

इथे स्वस्ताईचा प्रश्न येतो. त्या दिवशी फायरिंगनंतर आमच्या रिकाम्या पुंगळ्या मोजल्या गेल्या. एक कमी भरली. ती सापडेपर्यंत कुणाला उठू दिलं नाही. संध्याकाळ होईतो आम्ही मुली गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होतो, नखाएवढ्या पितळेसाठी. तेव्हा वैताग आला होता. आज वाटतं, त्या मोजण्यात काही तरी व्रतासारखं होतं. परिग्रहाला परिमाण, भोगाला परिमाण, म्हणजे आपण किती घेतलं हे आपल्याला ठाऊक असणं. पाचशेची वीट चार पैशांत आली की कोण मोजणार? डब्यामागे काय आहे हे तरी कोण बघणार? ती लहान गोळी मैलभराहून लांब जाऊ शकते. शिसं मातीत राहतं आणि दाणा समजून पाखरं ते टिपतात. म्हणजे 'कोणी मरत नाही' हेही पुरतं खरं नाही.

दुसरी बाजू मला माहीत नाही असं नाही. आमच्या शेजारी महूला लष्कराचं नेमबाजीचं केंद्र आहे. तिथल्या विजय कुमारनं २०१२ ला लंडनमध्ये रौप्यपदक मिळवलं, ते पॉइंट टू टू पिस्तुलानं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं, स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य. दोघांची गोळी हीच. पन्नास मीटरवर त्यांचं दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. तिथे मनात चेहरा ठेवून गोळी लागत नाही. मन रिकामंच करावं लागतं, आणि प्रत्येक गोळीचा हिशेब लागतो. त्यांच्या हातातलं आणि माझ्या हातातलं साधन एकच होतं. फरक आत होता. म्हणून 'बंदूक वाईट' एवढं म्हणून मला सुटता येईना.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. त्याला ही सगळी हकीकत सांगितली, तो चेहराही. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पण डब्यावर कुणाचा चेहरा नसतो गं."

"कागदावरही नव्हता रे. मी नेला होता."

"म्हणजे नको घेऊ?"

"तू मोठा आहेस, पैसे तुझे आहेत. घ्यायची तर घे. पण माझ्याकडून 'चालेल' घेऊ नकोस, ते मी देणार नाही. आणि दोन गोष्टी स्वतःला विचार. ते सैनिकी रूप नसतं तर तुला ती हवी होती का? आणि एक गोळी शंभर रुपयांची असती तर किती उडवल्या असत्यास?"

तो हसला. म्हणाला, "तू हिशेबातच धरलंस."

त्यानं पुढे काय घेतलं, मी विचारलेलं नाही. माझं एक काम मात्र राहिलं होतं. ज्यांचा चेहरा मी कागदावर नेला होता, ते गृहस्थ जाऊन वीस वर्षं झाली. दर क्षमावाणीला त्यांच्या पाया पडून मी उत्तम क्षमा म्हणायचे, आणि तेही माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. कशाबद्दल क्षमा मागतेय, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मीही मनात आणलं नव्हतं. त्या रात्री प्रतिक्रमणाला बसले तेव्हा पाच गोळ्या एकेक करून मोजल्या.