अबोली आणि अबोला

॥ श्री गुरुभ्यो नमः ॥


परवा हार करायला बसलो होतो, तेव्हा एकीनं विचारलं, "मौन आणि अबोला यात फरक काय हो? दोन्हीत तोंड बंदच की!"

टोपलीत अबोली होती, त्यावरून विषय निघाला. हे झुडूप आपल्या दक्षिणेकडचं, गोवा-कोकणच्या दमट हवेत खूप खुलतं. आपल्या कानडी मैत्रिणी त्याला कनकांबर म्हणतात. साडीच्या दुकानात आपण अबोली रंग मागतो, तो याच फुलाचा. वास मात्र अजिबात नाही. तरी गजऱ्यात ती मोगऱ्याच्या शेजारी गुमान बसते, त्याचा वास आपला म्हणून मिरवत नाही की त्याच्यावर रुसतही नाही.

आमचं तसं नव्हतं. आता घरचीच गोष्ट सांगतो, लाज कशाची? वाटणीवरून थोरल्या जाऊबाईंशी आमचं चार वर्षं बोलणं बंद होतं. मधे फक्त अंगण आणि सासूबाईंनी लावलेली अबोली. एकादशीला आम्ही मौन धरायचो आणि वाटायचं, चला, साधना झाली! खरं तर त्या दिवशीही कान त्यांच्याच दाराकडे. पाण्याची बादली जरा जोरात आपटायची, म्हणजे तिकडे कळावं. तोंड बंद ठेवून दिवसभर भांडतच होतो की आम्ही!

(मनात भीती आहे म्हणून गप्प बसणारी सून, तिला आपण "गरीब गाय" म्हणून वाखाणतो. ते मौन नव्हे. तिला बोलतं करायला हवं.)

अबोलीची वाळलेली बोंडं पाहिलीत का कधी? पाण्याचा थेंब लागला की थोड्या वेळानं तट्‌ करून फुटतात, बी लांब उडतं. इंग्रजीत तिला फटाक्याचं फूल म्हणतात ते यामुळेच. गेल्या मंगाईच्या जत्रेच्या आधी आमच्या नातवाला हा खेळ सापडला. तांब्यानं पाणी शिंपडून तोंड जवळ नेऊन बघत बसलेला. पलीकडून जाऊबाई ओरडल्या, "अगं, त्याच्या डोळ्यात जाईल ना!"

आम्ही म्हटलं, "हो ना, सांगून ऐकत नाही."

एवढंच. वाटणीचा कागद अजून तसाच आहे, आणि त्यावर आमचं एकमत होईल असं वाटतही नाही. पण यंदा देवीच्या ओटीचा गजरा त्यांनी तिकडच्या पायरीवर बसून केला, फुलं आम्ही इकडून तोडून दिली.