तंबाखूच्या पानापासून मिठागरापर्यंत

विषाणू म्हणजे काय, हा प्रश्न विज्ञानाने पहिल्यांदा नीट विचारला तो तंबाखूच्या पानासमोर. निपाणी परिसरात ज्या घरांच्या पिढ्या या पिकावर जगल्या, तिथल्या मुलांना ही गोष्ट शाळेतच सांगायला हवी. नेदरलँड्समध्ये अडोल्फ मायर यांनी १८८६ मध्ये पानावर फिकट-गडद हिरवे डाग उठवणाऱ्या रोगाला ‘मोझॅक’ हे नाव दिले. रोगट पानाचा रस निरोगी झाडात गेला की तेही आजारी पडते, हे त्यांनी दाखवले. १८९२ मध्ये रशियात द्मित्री इवानोव्स्की यांनी तो रस जिवाणूही अडतील अशा गाळणीतून काढला, तरी तो रोग पसरवतच राहिला. १८९८ मध्ये मार्टिनस बायेरिंक यांनी ठामपणे मांडले की हा जिवाणू नव्हे, वेगळेच काही आहे. हा विषाणू चिवटही असा की वाळलेल्या तंबाखूत टिकतो आणि तंबाखू मळणाऱ्याच्या बोटांवरून कोवळ्या रोपांवर जातो.

हे ‘वेगळेच काही’ आपला वारसा कशात जपते, याचे उत्तरही त्याच पानाने दिले. १९५६ मध्ये गीरर आणि श्रॅम यांनी ट्यूबिंगेनमध्ये विषाणूचे प्रथिनाचे कवच उतरवले आणि आतल्या नुसत्या आरएनएने झाडाला रोग लावून दाखवला. बर्कलीत फ्रेंकेल-कोनराट यांनी एका वाणाचे कवच दुसऱ्या वाणाच्या आरएनएवर चढवले. पुढची प्रजा आरएनएच्या वळणावर गेली, कवचाच्या नाही. विषाणूची ओळख त्याच्या जनुकद्रव्यात आहे, ही कल्पना तेव्हापासून पक्की झाली. १९७१ मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांनी तिच्यावरच वर्गीकरण उभारले: डीएनए की आरएनए, एकेरी की दुहेरी, आणि त्यातून संदेशवाहक आरएनए कसा तयार होतो. ही मांडणी इतकी सोयीची होती की जनुकद्रव्याचा प्रकार म्हणजेच कूळ, असे गृहीत धरले जाऊ लागले.

या गृहीताला धक्का बसला तो मिठात.

१९७४ मध्ये नॉर्वेतील टॉर्सविक आणि डुंडास यांनी ‘हॅलोबॅक्टेरियम’ या मीठप्रिय सूक्ष्मजीवाला मारणाऱ्या विषाणूची नोंद केली. तेव्हा यजमानाला जिवाणूच समजत होते. आर्किया ही सजीवांची वेगळी शाखा आहे, हे कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये मांडले. म्हणजे विषाणू आधी सापडला आणि यजमान कोण हे मागाहून कळले. १९८२ मध्ये व्होल्फ्राम त्सिलिग यांच्या गटाने ‘फाय-एच’ या विषाणूचा सुमारे ५९ हजार अक्षरजोड्यांचा डीएनए तपासला, तेव्हा तो एका जागी स्थिर नव्हताच. त्यात उड्या मारणारे तुकडे होते, एक भाग उलटासुलटा होत होता. तोच भाग सुटून वर्तुळाकार प्लाझ्मिड म्हणून यजमानात राहत होता आणि त्याचे विषाणूपासून बरेचसे रक्षणही करत होता. विषाणूचाच तुकडा विषाणूला अडवतो, हे मला या साऱ्या कथेतले सर्वांत विलक्षण वाटते.

मिठाचे प्रमाणही या नात्यात हात घालते. नॉर्वेतल्या आणि जमैकातल्या कामातून दिसले की पाणी जवळजवळ संपृक्त खारट असेपर्यंत विषाणू आणि यजमान बराच काळ एकत्र नांदतात. पावसाने खारटपणा उतरला की विषाणू उसळतो आणि पेशी फुटतात. शिरोड्याच्या मिठागरांवर मृगाचा पाऊस पडतो तेव्हा त्या वाफ्यांत काय घडत असेल, हा प्रश्न आमच्यासारख्या घाटमाथ्यावरच्यांनाही पडायला हरकत नाही.

खरी कलाटणी २००९ ची. सिसिलीतील त्रापानीच्या मिठागरातून आलेल्या यजमानावर हेलसिंकीच्या संशोधकांना ‘एचआरपीव्ही-१’ सापडला. कठीण कवच नाही, नुसते मेदाचे पातळ आवरण. आत एकेरी डीएनए, ७,०४८ अक्षरांचा. आर्कियाच्या विषाणूंत असा प्रथमच मिळाला. लगोलग ‘एचएचपीव्ही-१’ पुढे आला. तसेच आवरण, जनुकांची बरीचशी तीच मांडणी, पण डीएनए दुहेरी. बाल्टिमोरच्या मांडणीत हे दोघे वेगवेगळ्या गटांत पडतात. जनुके मात्र सांगत होती की ते जवळचे नातलग आहेत. सीमाभागात एका भावाची मुले मराठी शाळेत आणि दुसऱ्याची कन्नड शाळेत जातात, म्हणून कोणी त्यांना परके म्हणत नाही, तसेच हे. पुढे दुहेरी डीएनएत मध्येमध्ये एकेरी खंड असलेले भाऊबंदही मिळाले. आज ते सारे प्लिओलिपोव्हिरिडी या एकाच कुळात आहेत. वारसा जनुकद्रव्यात असतो हा तंबाखूने शिकवलेला धडा टिकला; जनुकद्रव्याचा प्रकार म्हणजे कूळ, हे मात्र टिकले नाही.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण मीठप्रिय आर्किया असल्याचे सांगितले. लोणारसारख्याच अल्कधर्मी असलेल्या केनियातल्या मगादी सरोवराच्या आर्कियातून ‘फाय-सीएच-१’ हा विषाणू १९९७ मध्ये मिळाला. त्याच्या कणांत ५८,४९८ जोड्यांच्या डीएनएसोबत यजमानाचा आरएनएही आढळतो. लोणारचा रंग बातमी झाला. त्या रंगामागच्या पेशींना कोणते विषाणू फोडतात आणि त्यांची जनुके कोणाशी नाते सांगतात, याचा शोध आपल्या विद्यापीठांनी जोमाने घ्यावा, आणि शिरोड्याच्या मिठागरांपासून गोव्याच्या आगरांपर्यंत, पावसाआधी व पावसानंतर, दोन्ही वेळा घ्यावा.