बाई मोठी धीराची

२५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. नाग्या महादू कातकरी, धाकू गवत्या फोफेरकर आणि आसपासच्या गावांतले आणखी सहा जण हुतात्मे झाले. आठही नावं पुरुषांची. त्यांच्या घरच्या बायकांबद्दल अशा स्मरणसभांत एखादंच वाक्य येतं, तेही ठरलेलं: माऊली डगमगली नाही. नसेलही. पण दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची होती. डगमगायला तिला सवड कुणी दिली असती? (जंगलाचा कायदा सरकारचा, लढा पुरुषांच्या नावावर, आणि लाकडाची मोळी मात्र बाईच्या डोक्यावर.)

कष्टकरी बाईला धीराची म्हणायची आपली रीत जुनी. वरच्या जातीची बाई उंबऱ्याआड कोंडलेली, ही मात्र रानात-बाजारात हिंडते, चार पैसे कमावते, नवऱ्याला उलट बोलते, म्हणजे ही मोकळी, असं भलीभली माणसं मानत आली. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या दलित आत्मकथनानं (१९८६) तो समज पार उखडला. सुनेचं नाक कापणारी घरं त्यांनी आपल्याच वस्तीतली दाखवली, आणि हे लिहिलेलं वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’ या आत्मकथनातली (२००३) आई दुःख पोटात घालून बांबूची आयदानं विणत राहते. वाचणारा ‘केवढी जिद्द’ म्हणून मोकळा होतो. मला तिथं जिद्दीपेक्षा नाइलाज जास्त दिसतो. हात थांबले तर घर उपाशी.

अमेरिकेत मिशेल वॉलेस या कृष्णवर्णीय लेखिकेनं १९७९ मध्येच या कौतुकावर बोट ठेवलं होतं. काळ्या बाईला भीती नाही, थकवा नाही, असं एकदा ठरलं की तिला काय हवंय हे कुणी विचारत नाही. पुढे तिथल्याच कवयित्री ऑड्री लॉर्डनं कर्करोगाशी झुंजताना स्वतःला जपणं ही राजकीय कृती मानली. तिचं म्हणणं आता साबण-तेलाच्या जाहिरातींपर्यंत घसरलंय. पावसाळा सरल्यावर उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी बाईला ‘स्वतःसाठी वेळ काढा’ सांगणं ही चेष्टाच. तिची विश्रांती मुकादमाच्या वहीत अडकलेली असते. उचल फिटेपर्यंत आजारपणसुद्धा तिच्याच नावावर चढतं.

स्वतःला जपणं असं एकटीच्या हातात नसतं, म्हणून मला आशाताईंचा, म्हणजे गावोगावच्या आरोग्य-स्वयंसेविकांचा, संप लॉर्डच्या विचाराच्या पुढचा टप्पा वाटतो. करोनाच्या साथीत त्यांना योद्धा म्हटलं गेलं. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांनी मोबदल्यासाठी काम थांबवलं. एकेकटी बाई थकले म्हणाली तर तिला कच्ची ठरवता येतं. हजारोंनी एकदम म्हटल्यावर ते अवघड जातं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. सरकारदफ्तरी मात्र त्या अजून स्वयंसेविकाच आहेत.