साथीला कोण?

गेल्या कोजागिरीला सांता क्लारातल्या आमच्या अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये गाण्याचा कार्यक्रम केला. मसाला दूध, भेळ, साठेक माणसं आणि रात्री दहाला आवाज बंद करण्याची अट. गाणारे आम्हीच, हौशी. साथीला कीबोर्ड वाजवणारा एकटाच होता. चाळिशीचा, दिवसा नोकरी करणारा, शनिवार-रविवारी असे कार्यक्रम घेणारा. त्याने डाव्या हाताने कॉर्ड धरला आणि तबला, बास, गिटार, मागे व्हायोलिनचा ताफा असं सगळं एकदम सुरू झालं. पहिल्या दोन गाण्यांना भरपूर टाळ्या पडल्या. तिसऱ्यात मात्र त्याला तहान लागली. दोन्ही हात पट्ट्यांवरून काढून त्याने पाण्याची बाटली उघडली, आणि तबला आपला चालूच!

माझ्या शेजारचे काका म्हणाले, "म्हणजे हा वाजवतच नाहीये की!" मागे हसू फुटलं. पुढच्या गाण्यांना टाळ्या पडल्या, पण त्या गाणाऱ्यांसाठी होत्या, हे त्यालाही कळलं असणार. भेळ खाताना विषय तोच. कोणी म्हणालं, ही चक्क फसवणूक आहे. कोणी म्हणालं, याला पैसे कशाचे द्यायचे, बटण दाबायचे?

मी गप्प बसलो, कारण ठरवणाऱ्यांमध्ये मी होतो. कीबोर्ड, तबला आणि ऑक्टोपॅड अशा तिघांचा आकडा आम्ही आधी विचारला होता. तो ऐकून आम्हीच म्हटलं, एकट्यावर भागवू, आवाज तर सगळे येतातच. एका माणसाच्या पैशात तिघांचा आवाज आम्हाला हवा होता. तो त्याने दिला. मग फसवलं कोणी, आणि कोणाला?

तो नक्की काय करत होता, हे आधी बघू. अशा कीबोर्डमध्ये शेकडो 'स्टाइल्स' भरलेल्या असतात. भारतीय बाजारासाठी काढलेल्या मॉडेलांत दादरा, केरवाही मिळतो. डाव्या हाताने कॉर्ड धरला की यंत्र तो ओळखतं आणि त्या सुरांत बास, गिटार बसवून देतं. हात उचलला तरी ठेका थांबत नाही. अंतऱ्याआधी एक बटण दाबलं की तबल्याचा तुकडा येतो, शेवटी दुसरं दाबलं की समाप्ती. म्हणजे तबला तो वाजवत नव्हता हे खरं. पण सात गाणाऱ्यांच्या सात पट्ट्या, प्रत्येकाची लय, कोण कडवं गाळणार आणि कोण ध्रुपद दोनदा घेणार, हे सगळं तोच सांभाळत होता. उजव्या हाताने गाण्यामधले सुरांचे तुकडे वाजवत होता, तेही बहुतेक कानाने. हे काम बटण दाबण्याचं नाही. आमच्यापैकी कोणाला जमलं असतं?

आमच्या रागातली गंमत अशी की याच मंडळींपैकी तिघं दर महिन्याला कॅराओकेवर गातात. तिथे तर वाजवणारा एकही माणूस नसतो, पण फसवणूक हा शब्द कोणी काढत नाही. शास्त्रीय मैफलीत इलेक्ट्रॉनिक तानपुरा असतो, त्याचंही कोणाला काही वाटत नाही. फरक बहुधा डोळ्यांचा आहे. कॅराओकेत पडद्याकडे पाहायचं असतं. इथे समोर माणूस बसलेला, त्याची बोटं हलताना दिसतात, आणि जे ऐकू येतं ते सगळं त्या बोटांतून येतंय असं आपणच धरून चालतो. तसा शब्द त्याने दिलेला नसतो, पण तसं नाही हेही तो सांगत नाही. नैतिक प्रश्न असलाच तर तो या न सांगण्यात आहे. आणि त्यात निवेदकाचाही वाटा आहे. आमच्या निवेदिकेने "साथीला आहेत..." म्हणून त्याचं एकट्याचं नाव घेतलं आणि ती पुढे गेली. तबला कोणाचा, हे सांगायचं तिला सुचलं नाही, आम्हालाही नाही.

अशा वादात कोणीतरी हार्मोनियमचा दाखला देतंच. मराठी रंगभूमीवर पेटी आणि ऑर्गन केव्हाच रुळले होते. गोविंदराव टेंब्यांसारख्या पेटीवादकाने १९११ साली 'मानापमान'ला चाली दिल्या होत्या. तरी १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ठरीव सुरांचं परदेशी वाद्य, त्यावर मींड निघत नाही, हे आक्षेप होते. बंदी सैल व्हायला तीसएक वर्षं गेली. आज तीच पेटी दिसली की कार्यक्रम 'अस्सल' वाटतो. पण हा दाखला मला अर्धाच पटतो. पेटीचा भाता माणसाने हलवावा लागतो. पेटीवाला पाणी प्यायला लागला की पेटी गप्प बसते.

आणि ज्याच्या नावाने आम्ही नाक मुरडतो ते आमच्या अंगणातच वाढलंय. स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस एफएम पद्धतीने आवाज तयार करण्याची युक्ती शोधली. यामाहाने तिचा परवाना घेतला आणि १९८३ मध्ये डीएक्स-७ हा कीबोर्ड बाजारात आणला. त्याच वर्षी दोन कंपन्यांचे कीबोर्ड एकमेकांशी बोलू लागले, ते मिडीमुळे. त्यामागे सॅन होजेच्या सीक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ होते. दोन्ही ठिकाणं याच सांता क्लारा काउंटीतली. त्या रात्री भेळ खात तावातावाने बोलणाऱ्यांपैकी निम्मे तरी माणसाचं काम यंत्राकडून करून घेण्याचाच पगार घेतात. मीही घेतो.

तरीही काकांना जे खटकलं ते अगदीच पोकळ नव्हतं, आणि ते पुढे दोनदा कळलं.

एकाने मालकंसावरचं गाणं घेतलं. मालकंसात पंचम वर्ज्य. पण 'सा'चा मायनर कॉर्ड धरला की त्यात पंचम आलाच, आणि यंत्राचा बास तो ठणकावून वाजवतो. त्याला राग माहीत नाही, फक्त कॉर्ड माहीत आहे. बहुतेकांच्या ते लक्षात आलं नाही. वाजवणाऱ्याच्या आलं असावं, कारण दोनच ओळींनंतर त्याने बास बंद करून नुसता ठेका ठेवला.

दुसरी गोष्ट सगळ्यांना कळली. शेवटी एक आजी गायला बसल्या, पणतू होणार म्हणून, पुण्याहून आलेल्या. जुनं भावगीत. दुसऱ्या कडव्यात शब्द विसरल्या आणि थांबल्या. तबला थांबला नाही. केरवा तसाच चालला, आजी डोळे मिटून शब्द शोधताहेत आणि मागे ते आवर्तनामागून आवर्तन. तबलजी असता तर त्याने हात हलका केला असता, आजींकडे पाहिलं असतं, शब्द सापडताच सम पकडून दिली असती. साथ म्हणतात ती हीच. गाणारा चुकला की त्याच्याबरोबर थोडं चुकायलाही लागतं, आणि यंत्र चुकत नाही.

मग त्याने ठेका बंद केला. पेटीसारखा एक आवाज लावला आणि आजींच्या मागे, त्या नेतील तिथे, नुसते सूर धरत गेला. लय ढिली पडली, मध्ये दोनदा थांबावं लागलं. तसंच गाणं पूर्ण झालं. काका टाळ्या वाजवायला उभे राहिले. मला वाटतं, सगळ्या रात्रीत त्याने केलेलं सर्वांत सोपं वादन ते होतं, निदान बोटांना तरी.

निघताना मी पाकीट दिलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, तबला असेल तर मलाही आवडतं हो. पण विचारतो कोण?"

यंदाच्या कोजागिरीसाठी मी ग्रुपवर लिहिलंय, की निमंत्रणात ठेका यंत्राचा असेल तर तसं स्पष्ट छापू, नाहीतर माणशी पाच डॉलर वाढवून तबला बोलावू. दोन दिवस झाले. तिघांचे अंगठे आलेत. काकांचा अजून नाही.