शहाणपणाचे माप
अंधेरीस सीप्झच्या आवारात, १५७९ साली जेझुइट पाद्र्यांनी बांधलेल्या संत योहान बाप्तिस्ताच्या देवळाच्या भिंती अद्याप उभ्या आहेत. १८४० च्या सुमारास साथीने ती वस्ती उठली, उपासना मरोळला गेली, आणि त्या मंडळींचे वंशज आजही मरोळच्या गावठाणात उंच इमारतींच्या सावलीत नांदत आहेत. तेथल्याच एका घराच्या वाटणीचा तंटा काही वर्षांपूर्वी मी जवळून पाहिला, आणि ख्रिस्ती मनुष्याचे शहाणपण कशाने मोजावे, या प्रश्नाने तेव्हापासून माझी पाठ सोडलेली नाही.

दोघा भावांपैकी धाकटा कायद्याचा पदवीधर. मिळकतपत्रिका, फेरफार, आजोबांच्या वेळचा दस्तऐवज, सारे त्याला मुखोद्गत. शास्त्रवचनेही तितकीच मुखोद्गत, आणि वडील भावावर तो दोन्हींचा सारखाच मारा करी. त्यांची आत्या ओसरीवर बसून भिजवलेले वाल सोलीत होती. दोन तास तिने तोंडातून अक्षर काढले नाही. एका बाजूस सालींचा आणि दुसऱ्या बाजूस पांढऱ्या डाळिंब्यांचा ढीग वाढत होता, एवढेच. मग पदराला हात पुसून ती म्हणाली, "ही ओसरी कागदावर माझी ना? ती तुम्ही दोघं घ्या. पण रविवारी देवळात एका बाकावर बसा." तंटा त्याच दिवशी मिटला असे मी म्हणणार नाही, परंतु धाकट्याने हातातली फाईल मिटली, आणि त्यानंतर त्या घरात वचनाचा दाखला कोणी कोणाच्या तोंडावर फेकलेला मी ऐकला नाही.

शलमोनाने देवापाशी जे मागितले त्याला आपण 'ज्ञान' म्हणतो. मूळ हिब्रूत मात्र ते ऐकणारे हृदय आहे. त्याच्या दरबारातील प्रसिद्ध निवाड्यातही खरी आई ओळखू आली ती पुराव्याने नव्हे, तर बालकावरचा हक्क सोडण्यास ती सिद्ध झाली म्हणून. याकोबाने आपल्या पत्रात वरून उतरणाऱ्या ज्ञानाची लक्षणे सांगताना शांतिप्रियता, सौम्यता आणि दया यांची नावे घेतली; पाठांतराचे नाव त्याने घेतले नाही.

यावरून विद्येची किंमत कमी ठरते असे कोणी समजू नये. जे आपल्यापाशी नाहीच ते सोडणार कसे? आत्याची ओसरी दप्तरी तिच्या नावे होती, म्हणूनच तिच्या देण्याला वजन आले.

पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना मला हेच अधिक मोठ्या प्रमाणावर दिसते. आईने संस्कृत शिकवलेली ही कन्या १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वत्सभेत 'पंडिता' आणि 'सरस्वती' ठरली. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला. पुढे दुष्काळाने अनाथ केलेल्या शेकडो मुलींना तिने केडगावच्या मुक्ती सदनात आश्रय दिला. शास्त्राची प्रचलित भाषा या मुलींच्या कानाला जड जाते, हे जेव्हा तिच्या ध्यानात आले तेव्हा उतारवयात तिने हिब्रू आणि ग्रीक या दोन दुर्घट भाषांचा अभ्यास आरंभिला, तो कशासाठी, तर चुलीपाशी बसलेल्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरवावे म्हणून. ज्या संस्कृतप्रचुर वाणीने तिला कीर्ती दिली, तीच वाणी तिने या कामी बाजूस ठेविली. पंडितांच्या सभेत जिंकणे तिला साधले होते; परंतु माझ्या मते तिच्या ज्ञानाची परीक्षा केडगावच्या त्या मेजावर झाली, जेथे शब्दामागून शब्द खोडून तिला त्याहून सोपा शब्द शोधावा लागला. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली, तरीही हे काम थांबले नाही. १९२२ च्या एप्रिलात देह ठेवीपर्यंत ती त्यातच गढलेली होती. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, आणि खिळे जुळविणाऱ्या सदनातल्या स्त्रियाच; त्यांतील कितीएकींनी पहिले अक्षर गिरवले होते ते त्याच आवारात.