वेलाचा दोष की आपली अडचण?

तांबड्या भोपळ्याचा वेल आपल्या परसात फारशी निगा न मागता वाढतो. पावसाळ्याच्या आरंभी बी रुजते, वेल कुंपणावर चढतो आणि गृहिणीस भाजीची चिंता उरत नाही. अशा साध्या वेलाच्या संगोपनात एखादा नैतिक प्रश्न दडलेला असेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. परंतु महाकाय भोपळे पिकविणाऱ्या उत्तर अमेरिकेतील बागायतदारांच्या छाटणीत तो दडलेला आहे.

कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात, विंडसर येथे, हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने ‘अटलांटिक जायंट’ हे वाण सिद्ध केले. १९८१ साली त्यांच्या भोपळ्याचे वजन सुमारे २२४ किलो भरले. पुढे २०२३ साली कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथील स्पर्धेत एका भोपळ्याने १,२४७ किलोचा पल्ला गाठला. हे यश केवळ बीजाचे व खताचे नव्हे, तर छाटणीचेही आहे. मुख्य वेल सरळ राखावयाचा, आडफांद्या दोहों बाजूंस पसरू द्यावयाच्या, त्यांवरील फुटवे खुडावयाचे आणि अखेरीस एका वेलावर एकच फळ ठेवावयाचे, असा हा नेम आहे.

या नेमास कधी कधी वेलच छेद देतो. मुख्य वेल गोल न राहता फितीसारखा चपटा व रुंद होतो. पाने दाटीने येतात, फुलेही अधिक लागतात. शेंड्यावरील वाढीचा बिंदू रेषेसारखा पसरल्याने असे घडते. त्याचे कारण कधी बीजात असते, कधी शेंड्यास झालेल्या इजेत वा थंडीत. पुष्कळदा ते कळतही नाही. पाहणाऱ्यास हे वैभव वाटते. परंतु अशा वेलावरील फळ बेडौल होण्याची भीती असते. म्हणून अनेक जण चपटा शेंडा कापून टाकतात आणि एखाद्या गोल आडफांदीस मुख्य वेलाचे स्थान देतात. काही मात्र थोडे दिवस वाट पाहतात, कारण कधी कधी वेल आपण होऊन पूर्ववत होतो.

प्रश्न असा, की त्या वेलाने अपराध तो कोणता केला? आपल्या बागेतील कोंबड्याचे फूल आठवावे. त्याचा तो मखमली, पसरट तुरा याच प्रकारच्या वाढीतून होतो आणि तेथे आपण तिचे कौतुक करतो. वाढ एकच, एकीकडे ती विकृती ठरते, दुसरीकडे शोभा. भेद वाढीत नसून आपल्या हेतूत आहे.

यावरून छाटणी अन्याय्य ठरते, असे मात्र नव्हे. ज्याने एका फळाचा संकल्प केला, त्यास बाकीचे सोडावेच लागते. परंतु ‘हे मला उपयोगी नाही’ आणि ‘हे वाईट आहे’ ही दोन विधाने एक नव्हेत. पहिले प्रांजळ आहे. दुसऱ्याने आपण पुष्कळदा आपल्या सोयीलाच न्यायाचे नाव देतो.

वेलास याचे दुःख नाही. पण घरात हीच चूक झाली तर? एखादा मुलगा घराण्याचा व्यवसाय सोडून वेगळी वाट धरतो, एखादी मुलगी ठरल्या वयात विवाहास मान्यता देत नाही, की आपण तत्काळ ‘वाया गेले’ म्हणून मोकळे होतो. मुलांस वळण लावू नये, असे येथे म्हणावयाचे नाही. असत्य, आळस, परपीडा हे कोणत्याही मापाने दोषच होत. परंतु निराळेपण हा दोष नव्हे. वेल बागायतदाराच्या संकल्पासाठी लावलेला असतो. मनुष्य दुसऱ्याच्या संकल्पासाठी जन्मास येत नाही. म्हणून बागेतील कात्री उंबरठ्याच्या आत आणण्याचा अधिकार कोणासही नाही.

चपट्या वेलासाठीही काही बागायतदार चार दिवस थांबतात. तेवढा धीर आपण आपल्या माणसांसाठी धरावा. आपलेच माप तेवढे खरे, हा भ्रमाचा भोपळा मात्र वेळीच फुटलेला बरा.